आठ ट्रॅक, चार बाजू

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझ्या लेबलच्या डीप हाउस (मऊ कॉर्ड आणि खोल बास असलेलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) संकलनाची यादी पोचली. अलीकडचे सात आणि नवे पाच, मिळून बारा ट्रॅक. निवड मनापासून आवडली. पण सरासरी सात मिनिटं धरली तरी ८४ मिनिटं होतात, आणि सीडीतसुद्धा ८०च मावतात. तुला तर रेकॉर्ड काढायची आहे. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाला बारा इंची रेकॉर्डची एक बाजू १५ मिनिटांच्या आत ठेवली तर बास, म्हणजे खालचे सूर, भरून येतो. १८-२०च्या वर गेलं की खाचा जवळ आणाव्या लागतात आणि आवाज पाडावा लागतो. तेव्हा दोन रेकॉर्डी, चार बाजू आणि बाजूला दोन ट्रॅक एवढंच कर. उरलेले चार डिजिटलला ठेव.

कुठला ट्रॅक बाजूच्या शेवटी येतो ते आधी बघ. सुई मध्याकडे सरकते तसा एका फेऱ्यातला खाचेचा मार्ग आखूड होतो, त्यामुळं हाय-हॅट (ड्रममधली छोटी झांज) आणि गाण्यातले स, श फाटतात. गायनाचा ट्रॅक बाहेरच्या अंगाला घे, मऊ पॅडचा, म्हणजे लांब धरलेल्या सुरांचा, आत. १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखं, हवं, नाहीतर सुई उडते.

आता सगळ्यात नाजूक काम, आवाजाची पातळी. अलीकडचे सातही ट्रॅक मास्टर होऊन, म्हणजे शेवटचा हात फिरून, बाहेर आलेत, ते वेगवेगळ्या हातांचे. त्यांच्यावरच पुन्हा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) चढवू नकोस. सगळ्यांकडून मूळ मिक्स माग: २४ बिट वेव्ह, मास्टरवरचा लिमिटर काढलेला, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास. नंतर नुसत्या मीटरवर विसंबून जुळवणी करू नकोस बघ. एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप, हा सबंध ट्रॅकचा हिशेब असतो. ज्यात दोन मिनिटं किक (मोठ्या ड्रमचा ठोका) नाही, त्याचा आकडा कमी येतो. आकडे सारखे करायला गेलास तर त्याचीच किक बाकीच्यांपेक्षा मोठी होऊन बसते. किक चालू असलेले तुकडे एकामागून एक लाव आणि कानानं जुळव. स्पॉटिफाय सगळं उणे १४ एलयूएफएसला आणतं, त्यामुळं उणे ७पर्यंत दाबून हाती काही लागत नाही. उलट किक चपटी होते, आणि किक व कॉर्ड यांच्यामधली मोकळी जागा जाते. संगीतकार लॅरी हर्डनं १९८०च्या दशकात शिकागोत हे डीप हाउस उभं केलं, तेव्हापासून त्याचा जीव त्याच जागेत आहे.

तुझ्या नव्या ट्रॅकपैकी तिसऱ्यात किक आणि बास दोन्ही ५५ हर्ट्झवर बसलेत, ए मायनरचा मूळ सूरच तो. किक थोडी वर चढव, किंवा बासवर साइडचेन लाव, म्हणजे किक वाजताच बास खाली दबेल. १२२ बीपीएमला (मिनिटाला १२२ ठोके) एक ठोका सुमारे ४९२ मिलिसेकंदांचा, म्हणून रिलीज, म्हणजे बास परत वर यायला लागणारा वेळ, १५० ते २५०च्या दरम्यान ठेव. त्याहून लांब ठेवलास तर पुढची किक येईपर्यंत बास वर येतच नाही.

क्रम मैफलीसारखा लाव की. ११८ बीपीएमला सुरुवात, १२४च्या वर नाही, आणि एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना दोनपेक्षा जास्त उडी नको. ए मायनरनंतर ई मायनर, डी मायनर किंवा सी मेजर सहज येतात. अर्ध्या सुराची उडी कानाला बोचते. सूर जुळावा म्हणून पिच ओढायचा विचारही करू नकोस, अर्ध्या सुराला जवळपास सहा टक्के वेग बदलतो.

मिक्स मोनो करून ऐकायला विसरू नकोस. आपल्याकडं डॉल्बीच्या भिंतीवर बहुतेकदा मोनोच वाजतं, आणि रुंद केलेले कॉर्ड तिथं निम्मे गायब होतात. ते रुंद करताना फेज उलटलेली असते म्हणून.

कागदपत्रांचं थोडक्यात: आधी बाहेर आलेल्या ट्रॅकचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) तोच ठेव. कापून छोटा केलास किंवा रीमिक्स केलास तर नवा घे. आधी दुसऱ्या लेबलवर आलेला असेल तर त्यांची लेखी परवानगी, आणि प्रत्येक गायिकेची सही. सॅम्पल (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा) कुठून घेतलाय हे सांगता येत नसेल, तर तो ट्रॅक कितीही गोड असो, वगळ.

आठ ट्रॅकचे मूळ मिक्स आले की एकत्रच पाठव, सुटे नकोत. निपाणीहून येणार असलास तर हार्ड डिस्कच घेऊन ये. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
अविनाश