विणीच्या दिवसांत पक्ष्यांना फसवी साद नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत वसंतातील पक्षीनिरीक्षणाविषयी आलेला लेख वाचून मनापासून आनंद झाला. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, गळ्यात दुर्बीण अडकवून मोले, बोंडला किंवा तांबडी सुर्लच्या वाटेला लागणारी मुले-मुली आता गोव्याच्या प्रत्येक तालुक्यात भेटतात. मी फोंडा तालुक्यात राहते आणि गेली सोळा वर्षे हा छंद जोपासते आहे. सुरुवातीला महिनोन्महिने एकटीने फिरलेल्या माणसाला हे दृश्य किती सुखावणारे असते, ते सांगता येणार नाही. मात्र त्या लेखात एक बाब राहून गेली, आणि ती नेमकी याच महिन्यांशी निगडित असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. एका फेरीत किती नव्या प्रजाती पाहिल्या, हा आकडा वाढावा म्हणून मोबाइलवर किंवा छोट्या स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा आणि त्याला झाडीतून बाहेर काढायचे, ही पद्धत आपल्याकडेही चांगलीच रुळली आहे. निदान विणीच्या हंगामात तरी ती पूर्णपणे थांबली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वसंतात नवे पक्षी पाहण्याची ओढ का लागते, हे मी जाणते. माघ सरता सरता सावरीची पाने गळून लाल फुले लागतात, मागोमाग पळस आणि पांगारा फुलतात, आणि अशा एखाद्या झाडाखाली तासभर शांत उभे राहिले तरी मैना, बुलबुल, हरेवा, शिंजीर, कोतवाल यांची रीघ लागलेली दिसते. शिगम्याचे ढोल वाजू लागतात त्या सुमाराला रानात पहाटे शामा गाऊ लागतो, पावशाचा ‘पेरते व्हा’ सुरू होतो आणि तांबट दिवसभर ठोके देत राहतो. एरवी गप्प राहणारे पक्षी या दिवसांत बोलतात, म्हणून ते सापडतात. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3702 चौरस किलोमीटर, पण येथे साडेचारशेहून अधिक प्रजातींची नोंद आहे. त्यांतील कित्येक सह्याद्रीखेरीज अन्यत्र फारसे दिसत नाहीत. आपला राज्यपक्षी, लाल कंठाचा पिवळा बुलबुल, त्यांपैकीच एक. बाहेरगावचा पाहुणा दोन दिवसांसाठी येतो, तेव्हा त्याला हे सारे दोन दिवसांतच हवे असते.

पण ते पक्षी आपल्यासाठी गात नाहीत. नर गातो तो जोडीदारणीला बोलावण्यासाठी, आणि एवढा भाग माझा आहे हे दुसऱ्या नराला बजावण्यासाठी. मोबाइलमधून त्याच जातीचा आवाज आला की आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला, असेच तो समजतो. तो खाणे सोडतो, घरट्यापासून दूर येतो, न दिसणाऱ्या शत्रूला शोधत या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहतो. आपण समजतो, किती छान समोर आला! त्याच्या दृष्टीने मात्र ते संकट असते, आणि तो शत्रू कधी दिसतही नाही, हरतही नाही, जातही नाही. एकदा वाजवल्याने काय बिघडते, असे विचारणारे मित्र मला भेटतात. एकदाच वाजले असते तर मीही एवढी अस्वस्थ झाले नसते. पण जागा एकदा ठाऊक झाली की त्याच झाडापाशी सकाळी एक गट येतो, दुपारी दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी तिघे. प्रत्येक जण आपापल्या परीने ‘एकदाच’ वाजवतो.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही, कारण हा अपराध माझ्या हातूनही घडला आहे. पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये ओळखीच्या एका कुळागरात, जेथे पोफळी संपून रान सुरू होते त्या वरच्या अंगाला, मलबारी कर्ण्याची जोडी दिसत असल्याचे कुळागराच्या मालकांनी मला सांगितले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. एका कुजक्या खुंटात वाटीएवढे पोखरलेले भोक होते आणि खाली पाचोळ्यावर लाकडाचा ताजा भुसा सांडलेला होता. कर्णा मऊ झालेले लाकूड चोचीने कोरून घर करतो, नर-मादी दोघेही त्या कामाला लागतात, आणि ते काम कित्येक दिवस चालते. त्या रविवारी मी मडगावच्या दोन मैत्रिणींना घेऊन गेले. त्यांच्या यादीत हा पक्षी नव्हता. तासभर वाट पाहूनही तो दिसेना, तेव्हा मी मोबाइल काढला आणि त्याचा आवाज लावला. दोन मिनिटांत नर दहा-बारा हातांवर येऊन बसला. कर्णा सहसा पाठ करून बसतो. हा मात्र थेट आमच्याकडे तोंड करून बसला होता. काळे डोके, गळ्याखाली पांढरी पट्टी आणि तिच्याखाली किरमिजी पोट; सकाळचे ऊन नेमके त्या रंगावर पडले होते. तो हलला की मी पुन्हा आवाज लावत होते. पाऊण तास आम्ही छायाचित्रे घेतली.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. भुसा जुना झाला होता, भोक होते तेवढेच राहिले होते, आणि त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले होते. काका म्हणाले, “बाय, तो आतां येवचो ना.” आदल्या रविवारी काय घडले ते त्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा लवलेशही नव्हता. मला मात्र ठाऊक होते. त्या दिवसापासून रानात मी कोणत्याही पक्ष्याचा आवाज वाजवलेला नाही.

आवाजाइतकाच दुसरा धोका घरट्यांपाशी होणाऱ्या गर्दीचा आहे. बेडूकमुखी या निशाचर पक्ष्याचे उदाहरण घ्या. झाडाच्या फांदीवर दगडफुलाने मढवलेले इवलेसे घरटे, त्यात एकच अंडे, आणि दिवसभर ते उबवत बसतो तो नर. धोका जाणवला की तो चोच वर करून, डोळे मिटल्यासारखे करून, सुकलेल्या फांदीसारखा निश्चल होतो. ही त्याची भीती असते. आपण समजतो, पक्षी किती धीट, जवळ गेले तरी उडत नाही. मग छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून समोरची पाने बाजूला केली जातात, एखादी डहाळी मोडली जाते, आणि ज्या आडोशावर ते अंडे सुरक्षित होते तोच आडोसा नाहीसा होतो. आपण निघून जातो, पण उन्हाला आणि कावळ्याला ते घरटे आता उघडे पडलेले असते.

धनेशाच्या बाबतीत तर याचे परिणाम अधिक गंभीर होतात. महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड विष्ठेने आणि चिखलाने लिंपून घेते, आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचे आणि पिल्लाचे पोट सर्वस्वी नरावर अवलंबून असते. तो वड, उंबर, पिंपळाची फळे गळ्यात साठवून आणतो आणि त्या फटीतून एकेक भरवतो. ढोलीखाली माणसे तळ ठोकून बसली की नर दूरच्या झाडावर थांबून राहतो, फेऱ्या चुकतात, आणि आत कोंडलेल्या दोन जिवांना वाट पाहण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. मागच्या हंगामात अशाच एका झाडाखाली मी सात माणसे आणि तिकाट्यांवर लावलेले चार कॅमेरे मोजले. मी विनंती केली तेव्हा त्यांतील दोघे लगेच उठले, याचे मला समाधान आहे. उरलेल्यांनी मात्र आम्ही पैसे भरून आलो आहोत, असे उत्तर दिले.

पैसे भरल्याने हा अधिकार मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडणे याच कायद्याने निषिद्ध आहे. महाधनेश तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. बंदूक न घेता केवळ कॅमेरा घेऊन जाणारा माणूसही या व्याख्येत सापडू शकतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

येथे आपल्या स्थानिक वाटाड्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सारा ठपका त्यांच्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. रानालगतच्या गावांतील हे तरुण पक्ष्यांची नावे, वेळा, झाडे यांची जी जाण ठेवतात, ती पाहून मी थक्क होते. त्यांतील अनेकांना आवाज वाजवणे मनापासून आवडत नाही. पण पाहुणा हातात यादी घेऊन येतो, हा दाखव, तो दाखव म्हणतो, आणि पक्षी दिसला नाही तर दुसऱ्या वाटाड्याकडे जातो. ज्याचे घर या हंगामावर चालते, त्याने नकार द्यावा अशी अपेक्षा करण्यापूर्वी नकार देणे त्याला परवडेल अशी व्यवस्था हवी. म्हणून नियम सर्वांना सारखा आणि लेखी असावा. मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी आणि म्हादई अभयारण्यांच्या प्रवेशद्वारांवर, आणि रायबंदरहून फेरीबोटीने उतरल्यावर चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यापाशीही, मराठी, कोकणी आणि इंग्रजीत ठळक फलक लावावेत, अशी वन खात्याला माझी विनंती आहे. जानेवारी ते जून या काळात पक्ष्यांचे आवाज वाजवण्यास आणि घरट्यांजवळ थांबण्यास मनाई आहे, एवढे त्यावर असले तरी पुरे. मग वाटाड्याला पाहुण्याशी वाद घालावा लागणार नाही. तो फलकाकडे बोट दाखवू शकेल. संशोधकांना रीतसर परवानगीने जे करावे लागते त्याविषयी माझी तक्रार नाही.

आवाजाशिवाय नवा पक्षी दिसणारच नाही, ही समजूतही खरी नाही. पक्ष्यांचे आवाज घरी बसून, हेडफोन लावून ऐकावेत आणि कान तयार करावा. मर्लिनसारखे मोबाइल ॲप रानातला आवाज ऐकून पक्षी कोणता ते सुचवते; त्याचा तेवढाच उपयोग करावा आणि त्यातली ध्वनिमुद्रणे रानात उघडू नयेत. मी आवाज वाजवणे सोडल्यानंतरच्या पाच वर्षांत माझ्या नोंदवहीत एकोणीस नव्या प्रजाती आल्या. त्यांतील नवरंग हा पक्षी मला ज्या दिवशी दिसला, त्या दिवशी मी पोफळींच्या बुंध्याशी चाळीस मिनिटे न हलता बसले होते, आणि तो पाचोळा उलटत उलटत स्वतःहून माझ्या दिशेने चालत आला.

शिवाय वसंतात ओळखीचे पक्षीही नवे होतात, याकडे यादीच्या नादात आपले लक्ष जात नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळाभर मातकट दिसणारे चिखल्या एप्रिलमध्ये छातीवर तांबूस रंग घेऊन हिमालयापलीकडच्या पठारांकडे निघतात. करमळीच्या तळ्यावरच्या कमळपक्ष्याला उन्हाळ्याच्या तोंडावर लांब, बाकदार शेपटी येते आणि मानेमागे सोनेरी रंग चढतो. हिवाळाभर पानांआड नुसता चिवचिवणारा पर्ण वटवट्या परतण्यापूर्वी चक्क गाऊ लागतो. कुडचडेजवळच्या नंदा तळ्याला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. गोव्यातील ते पहिलेच. तेथे बांधावर उभे राहून, कोणालाही न उठवता, एका सकाळी तीस-चाळीस प्रजाती सहज पाहता येतात.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. पुरवणीतील लेखासोबत पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्याचे जे सुंदर छायाचित्र आपण छापले, त्याखाली गावाचे आणि जवळच्या देवळाचे नाव होते. त्यानंतरच्या शनिवारी मी त्या वाटेने गेले, तेव्हा देवळासमोर पाच गाड्या उभ्या होत्या. ई-बर्डसारख्या जागतिक नोंदवहीतही काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा लोकांना दाखवली जात नाही. आपणही यापुढे घरट्यांची छायाचित्रे शक्यतो टाळावीत, आणि छापलीच तर तालुक्यापलीकडे ठिकाणाचा उल्लेख करू नये. त्या घरट्यातली पिल्ले अजून उडालेली नाहीत.

आपली विश्वासू,
एक पक्षीनिरीक्षक वाचक,
फोंडा, गोवा