चार हातांच्या पलीकडचा कार्बन

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

'कार्बनला चार हात असतात म्हणून सजीवांचे रेणू कार्बनचे बनतात' हे तू वहीत लिहिलेलं वाचलं. मार्क मिळतील, पण उत्तर अर्धंच आहे. चार हात, म्हणजे दुसऱ्या अणूंशी बंध जोडायच्या चार जागा, सिलिकॉनलाही असतात, आणि पृथ्वीच्या कवचात तो कार्बनपेक्षा कितीतरी जास्त आहे. मग सिलिकॉनचे प्राणी का नाहीत?

बंधांची ताकद बघ. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरावीक माप) सुमारे 346 किलोज्यूल लागतात, कार्बन-ऑक्सिजनला 358. दोन्ही जवळजवळ सारखेच, त्यामुळे कार्बन स्वतःच्या भावंडांची लांबलचक साखळी धरून ठेवतो आणि मध्येमध्ये ऑक्सिजनलाही जागा देतो. सिलिकॉन-सिलिकॉन बंध मात्र 222 च्या आसपास, आणि सिलिकॉन-ऑक्सिजन 452. म्हणजे संधी मिळाली की सिलिकॉन साखळी सोडून ऑक्सिजनकडे धावणार. मिथेनला पेटायला ठिणगी लागते. त्याचा सिलिकॉनवाला भाऊ सिलेन हवेत आला की आपोआप पेट घेतो. शिवाय जळून उरतं काय? कार्बनचा डायऑक्साइड वायू असतो, पाण्यात विरघळतो, पानाला परत उचलता येतो. सिलिकॉनची होते वाळू.

ही झाली ताकद. आकाराची गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती कागदावर दिसतच नाही. म्हणून क्ले आणि टूथपिक घे.

कार्बनसाठी काळे गोळे, साधारण 2 सेंटीमीटरचे. ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरे आणि निम्म्या आकाराचे. पांढरे मोठे केलेस तर वजनाने सगळं लोंबेल. आधी काडीने भोकं पाड, गोळे थोडे कडक होऊ दे, मग जोड. ओल्या क्लेत काड्या सैल पडतात.

पहिली चूक सगळे इथेच करतात: चारही काड्या अधिक चिन्हासारख्या एकाच पातळीत खुपसतात. कार्बनचे हात असे नसतात. एक काडी सरळ वर, बाकीच्या तीन तिपाईसारख्या खाली तिरक्या. आडव्या रेषेपासून प्रत्येक पाय साधारण 19.5 अंश खाली गेला की वरच्या काडीशी 109.5 अंशांचा कोन होतो. तपासायला सोपं: कोणत्याही तीन काड्यांवर उभा केला तरी गोळा सारखाच दिसला पाहिजे. ही चतुष्फलकाची (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराची) कल्पना व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी 1874 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली.

आता ग्लुकोज. 6 काळे, 6 लाल, 12 पांढरे. काड्या किती? सगळ्यांचे हात मोज (काळ्याला चार, लालला दोन, पांढऱ्याला एक): 24 अधिक 12 अधिक 12, म्हणजे 48. एका काडीला दोन हात लागतात, म्हणून 24 काड्या. एक जरी उरली किंवा कमी पडली तरी कुठेतरी चुकलंय. हा हिशेब कुठल्याही साध्या रेणूला लागू पडतो. परीक्षेत रचना काढतानाही हाच वापर.

कार्बनना 1 ते 6 क्रमांकाच्या चिठ्ठ्या लाव. 1 ते 5 आणि एक लाल गोळा मिळून कडं होतं. सहावा पाचव्याला बाहेरून लागतो. कडं सपाट करायला जाऊ नकोस, काड्या वाकतील. ते आपसूक आरामखुर्चीसारखं वरखाली होतं. वरून पाहताना क्रमांक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाऊ देत. मग प्रत्येक कार्बनच्या उरलेल्या दोन हातांपैकी एक वरचा, एक खालचा. सहावा कार्बन वर. हायड्रॉक्सिल (एक लाल आणि त्याला लागलेला एक पांढरा) चौथ्यावर खाली, तिसऱ्यावर वर, दुसऱ्यावर खाली. चौथ्याचं वर गेलं तर ते ग्लुकोज नाहीच, गॅलॅक्टोज झालं! अणू तेवढेच, काड्या तेवढ्याच, पदार्थ वेगळा. आणि क्रमांक उलट्या दिशेने फिरवून बाकी सगळं तसंच ठेवलंस तर आरशातलं ग्लुकोज बनेल, जे आपल्या पेशींना वापरता येत नाही.

पहिल्या कार्बनचं हायड्रॉक्सिल मी मुद्दाम सोडलंय. खाली ठेवलंस तर अल्फा, वर ठेवलंस तर बीटा. पाण्यात दोन्ही एकमेकांत बदलत राहतात. बीटा साधारण 64 टक्के असतं. पण दोन ग्लुकोज जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो (रेणुभार 180 अधिक 180 वजा 18, म्हणून 342), आणि त्या क्षणी ही निवड पक्की होते. पहिल्याचा 1 दुसऱ्याच्या 4 ला अल्फा पद्धतीने जोडत गेलीस तर साखळी स्प्रिंगसारखी वळते. हे स्टार्च. आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं म्हणून निळं दिसतं. बीटा पद्धतीने जोडलंस तर प्रत्येक पुढचं कडं उलटं बसतं, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटते. हे सेल्युलोज, झाडाच्या पेशीची भिंत. लाळेतलं अमायलेज हे विकर पहिलं तोडतं, दुसऱ्याला हात लावू शकत नाही. एका काडीची दिशा, बाकी काही नाही.

मेदाम्लांचं, म्हणजे तेला-तुपातल्या आम्लांचं, थोडक्यात सांगते. स्टिअरिक आणि ओलिइक, दोघांत 18 कार्बन. ओलिइकमध्ये मध्यावर एक दुहेरी बंध, तिथे दोन काड्या लागतात, त्यामुळे तो सांधा फिरत नाही आणि साखळीला कोपर येतं. कोपरवाल्या साखळ्या दाटीने रचल्या जात नाहीत. स्टिअरिक वितळतं साधारण 69 अंश सेल्सिअसला, ओलिइक 13 ला.

ग्लुकोज जमलं की ॲलनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) कर: 3 काळे, 7 पांढरे, 1 निळा (नायट्रोजन, तीन हात), 2 लाल. 13 काड्या, त्यातल्या दोन एकाच कार्बन-ऑक्सिजन जोडीत. मधल्या कार्बनवर चार वेगवेगळे गट येतील. तसाच दुसरा बनव, पण कोणत्याही दोन गटांची अदलाबदल करून. आता एकावर एक बसवून बघ. फिरव, उलटं कर, बसणार नाही. डाव्या हातात उजवा मोजा जात नाही तसं. आपल्या प्रथिनांत यातला डावाच चालतो. बसला तर अदलाबदल करायची राहिली, किंवा चुकून मधल्या कार्बनला दोन हायड्रोजन लागले. दुसरं झालं असेल तर मधल्या कार्बनवरचे पांढरे मोज.

तुझी,
आई