हायड्रोजन गुणिले पाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुन्हा पाहाव्यात अशा विज्ञानपटांवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘कॉन्टॅक्ट’ (१९९७) या चित्रपटाची बोळवण ‘विज्ञान विरुद्ध श्रद्धा’ एवढ्यावरच झाली आहे. एली ही खगोलशास्त्रज्ञ परक्या संस्कृतीचा रेडिओ संदेश पकडते, त्यातल्या आराखड्यावरून बांधलेल्या यंत्रातून प्रवास करते आणि परतल्यावर चौकशीत तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही, ही त्याची गोष्ट. शेवटचा चौकशीचा भाग डोळ्यांसमोर ठेवला तर ते पटते. पण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची १९८५ची कादंबरी शेजारी ठेवून चित्रपट परत पाहिला, तर त्याचा कणा वेगळाच दिसतो. मिळालेली गोष्ट खरी आहे की आपला भ्रम, हे पडताळायचे कसे, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. खरे तर ही कथा सेगन आणि लेखिका अ‍ॅन ड्रुयन यांनी आधी पडद्यासाठीच रचली होती. चित्रपट रखडला, तेव्हा तिची कादंबरी झाली. रॉबर्ट झेमेकिस यांचा चित्रपट पडद्यावर आला तो सेगन गेल्यानंतर, जुलै १९९७मध्ये.

संदेश सापडतो तो प्रसंग थांबत थांबत पाहावा. एली हेडफोन लावून संकेत ‘ऐकते’, ही निव्वळ नाट्याची सोय आहे. हा प्रसंग घडतो त्या न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरे या रेडिओ दुर्बिणींच्या संचात प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या आहेत. त्यांचे संकेत दोन-दोनच्या ३५१ जोड्यांत ताडून संगणक आकाशाचे चित्र उभे करतो. कानाला लागेल असे त्यात काही नसते. त्यानंतरची धांदल मात्र अस्सल आहे. पहिला संशय घरातल्यांवर जातो: लष्करी विमान, हेर उपग्रह, अंतराळयान. प्रत्यक्ष कामात याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी तपासतात. दुर्बिणीचा रोख ताऱ्यावरून किंचित हटवला की संकेत जातो का, आणि परत आणला की येतो का? दुसरी म्हणजे संकेत ताऱ्याबरोबर सरकतो का, म्हणजे रोज साधारण चार मिनिटे आधी उगवतो का? जमिनीवरचा कोणताही गोंगाट असे वेळापत्रक पाळत नाही. एवढे करूनही दोष आपल्याच यंत्रात असण्याची शक्यता उरते, म्हणून अखेर दूरच्या, दुसऱ्या यंत्रणेच्या दुर्बिणीची साक्ष लागते.

आणि नेमका इथेच चित्रपट घसरतो. संदेश येतो अभिजित ताऱ्याच्या दिशेने, आणि साक्षीला घेतली जाते ऑस्ट्रेलियातली पार्क्सची दुर्बीण. अभिजित खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ३९ अंश उत्तरेला आहे, तर पार्क्स ३३ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथून हा तारा क्षितिजावर फार तर १८ अंश चढतो आणि पार्क्सची ६४ मीटरची तबकडी सुमारे ३० अंशांच्या खाली झुकतच नाही. जपानमधली दुर्बीण निवडली असती तर काम चोख झाले असते, कारण न्यू मेक्सिकोत अभिजित मावळतो तेव्हा जपानात तो जवळजवळ माथ्यावर असतो. इतक्या बारकाईने बेतलेल्या प्रसंगात ही चूक राहावी, याची गंमत वाटते.

प्रकाशवर्षांचा हिशेब मात्र जमला आहे. अभिजित सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर आहे. संदेशात परत येते ते १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचे प्रक्षेपण तिथे १९६१च्या आसपास पोहोचणार आणि उत्तर १९८०च्या दशकाच्या मध्यापासून कधीही येऊ शकणार. उलट सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध दृश्यात, पृथ्वीपासून मागे सरकताना, ग्रहमालेच्या आतच जुन्या दशकांतले रेडिओ कार्यक्रम ऐकू येऊ लागतात. प्रत्यक्षात रेडिओलहर गुरूपाशी तासाभराच्या आत पोहोचते.

दुसऱ्यांदा पाहताना कान टवकारावेत असा आकडा म्हणजे ४.४६२३ गिगाहर्ट्‌झ. एक पात्र ओझरते म्हणून जाते, ‘हायड्रोजन गुणिले पाय’. (पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, π.) हायड्रोजनची नैसर्गिक वारंवारता १.४२०४ गिगाहर्ट्‌झ, तिला ३.१४१६ने गुणा, हाच आकडा येतो. २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांचे ठोके त्यानंतर लक्षात येतात. पण पाठवणाऱ्याची सही त्याआधीच, वारंवारतेच्या निवडीत, झालेली आहे. याचा धागा कादंबरीच्या शेवटाशी जुळतो. त्याकडे नंतर येतो.

यंत्राच्या आराखड्याची ६३ हजारांहून अधिक पाने सपाट मांडली तर कडा जुळत नाहीत, त्रिमितीत मांडली की जुळतात. हा उलगडा बहुतेकांच्या लक्षात राहतो. खुर्ची मात्र निसटते. आराखड्यात खुर्ची नाहीच. माणसांनी सुरक्षेसाठी ती आपल्या मनाने घातली. प्रवासात हादरे बसतात ते त्या खुर्चीवर. एली पट्टे सोडून तरंगू लागते तेव्हा सारे शांत होते आणि खुर्ची उखडून आदळते. मूळ नकाशात नसलेला भाग बसवला की ताण तिथेच एकवटतो. एकही वाक्य न बोलता चित्रपटाने हे दाखवले आहे.

कादंबरीत यंत्रात पाच जण बसतात, त्यात देवी सुखावती ही भारतीय शास्त्रज्ञही आहे. चित्रपटाने चौघांना वगळून एलीला एकटे पाठवले. नाट्यासाठी ठीक, पण एकाच व्यक्तीचा अनुभव आणि पाच देशांतल्या पाच जणांची जुळणारी जबानी यांत पुराव्याच्या दृष्टीने केवढा फरक आहे! श्रद्धेचा मुद्दा पुढे येतो तो या कपातीमुळे. (जाता जाता: कादंबरीतल्या प्रवासासाठी सेगन यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. त्यातूनच ये-जा करता येईल अशा कृमिविवरांवरचा, म्हणजे अवकाशातल्या दूरच्या जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्यांवरचा, मॉरिस आणि थॉर्न यांचा १९८८चा शोधनिबंध निघाला. एखाद्या कादंबरीने संशोधनाला असे काम लावल्याची उदाहरणे विरळाच.)

शेवटी चित्रपट एक पुरावा देतो: बाहेरच्यांच्या लेखी प्रवास झालाच नाही, काही क्षणच गेले; एलीच्या कॅमेऱ्यात काही दिसत नाही, पण त्यातली नुसती खरखर सुमारे १८ तासांची आहे. ही माहिती दोन अधिकाऱ्यांत राहते. एलीला ती कळतही नाही आणि बाहेरच्या कोणाला तपासताही येत नाही. कादंबरीतला पुरावा याच्या नेमका उलट आहे. एलीचा संगणक पायचा विस्तार दहाऐवजी ११ आधारांक असलेल्या अंकपद्धतीत काढत जातो आणि खूप पुढे केवळ ० आणि १ यांची लांब मालिका लागते. ती चौकटीत मांडली की वर्तुळ उमटते. प्रत्यक्षात पायमध्ये असे काही सापडलेले नाही, ही कल्पनाच आहे. पण तिथे पुरावा कोणाच्या कपाटात बंद नाही. ज्याच्याकडे संगणक आणि चिकाटी आहे, त्याने गणित पुन्हा करून पाहावे.

म्हणून चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यांनी आधी कादंबरीचे निदान शेवटचे प्रकरण वाचावे. चित्रपट आधी पाहिलेलाच असल्याने रहस्य फुटण्याची भीती नाही, आणि वारंवारतेचे ते ओझरते वाक्य मग कानातून निसटणार नाही.

आपला,
एक वाचक