ऋतुजास पत्र : पुस्तक मिटून काय आठवतं?

सोलापूर,
२८ जून

चि. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद.

मेमरी क्लासची फी भरायची की नाही, हे बाबांनी माझ्यावर सोपवलंय. भरायची नाही. का, ते लिहिते, म्हणजे तू हॉस्टेलवर नुसती फुरंगटून बसणार नाहीस.

असल्या जाहिरातींत दोन वेगळ्या गोष्टी एकाच पुडीत बांधलेल्या असतात. पहिली म्हणजे मोबाईलवरचे खेळ खेळून स्मरणशक्ती वाढवणं. २०१३ साली मेल्बी-लेर्व्हाग आणि हल्म या संशोधकांनी अशा प्रशिक्षणावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. मुलं त्या खेळात आणि त्यासारख्या चाचण्यांत तरबेज होतात, पण गणितात किंवा वाचनात तो फायदा उतरलेला दिसत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवणाऱ्यांचं तर नावच नको. पट्टीखाली नाकापाशी फट राहते, एवढंच त्यातलं शास्त्र.

दुसरी गोष्ट म्हणजे लांबलचक यादी क्रमाने पाठ करायची युक्ती. ती खरी आहे आणि फुकट आहे. ओळखीच्या रस्त्यावरची ठिकाणं मनात घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी एकेक गोष्ट ठेवायची. पेशीविभाजनाच्या चार अवस्था घे. पूर्वावस्था सात रस्त्यावर, मध्यावस्था पार्क चौकात, पश्चावस्था नवी पेठेत, अंत्यावस्था मधल्या मारुतीपाशी. क्रम चुकणार नाही. पण मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर ओळीत येतात, हे पार्क चौक तुला सांगणार नाही. बोर्डाच्या पेपरात गुण असतात ते त्यालाच. म्हणून ही युक्ती क्रमापुरती ठेव.

आता मुद्द्याचं. एका वेळी मनात साधारण चारच नव्या गोष्टी धरता येतात आणि ही जागा वाढवायचा खात्रीचा उपाय कोणाकडे नाही. पण ती मोकळी ठेवता येते. x² − १५x + ५४ चे अवयव पाडताना ५४ च्या जोड्या आपोआप सुचल्या, तर लक्ष चिन्हांकडे राहतं. त्याच शोधत बसलीस की उणे चिन्ह निसटतं आणि आपण त्याला 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतो. ३० पर्यंतचे पाढे आणि वर्ग तोंडपाठ असणं यात जुनाटपणा काही नाही. आजीच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) घोकायला लावायचे, त्याचा उपयोग हाच होता.

अभ्यासाची पद्धत मात्र बदलावी लागेल. तू धडा तीनदा वाचतेस आणि हायलायटरने पान पिवळं करतेस. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटतो आणि 'येतंय' असा भास होतो. ओळखणं वेगळं, न बघता आठवणं वेगळं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हापुन्हा वाचले, काहींनी एकदाच वाचून पुढे न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

तर असं कर. धड्याचा एकच उपघटक घे, २० मिनिटं समजून वाच. पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर १० मिनिटं जे आठवेल ते लिही, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी वाचायला नाही बसायचं, आधी पुन्हा कोरा कागद. ग्लुकोज विघटन लिहिताना पायरुविक आम्ल, एटीपी, एनएडीएच२ आणि पाणी यांचे प्रत्येकी दोन रेणू आठवतील, पण हे पेशीद्रव्यात घडतं आणि क्रेब चक्र तंतुकणिकेत, हे बहुतेक लाल पेनातच जाईल. तिथेच गुण जातात, म्हणून तिथेच वेळ घाल.

यात बिघडतं कुठे? अडकलं की दहाव्या सेकंदाला पान उघडलं जातं. निदान मिनिटभर डोकं खाजव. दुसरं, अख्खा धडा एकदम घेतला की कागदावर चार ओळी उतरतात आणि धीर सुटतो. आणि जो भाग मुळात समजलाच नाही त्यावर ही पद्धत लावू नकोस, आधी सरांना विचार.

तारखा, व्याख्या, सूत्रं यांच्यासाठी कार्डं. एका कार्डावर एकच प्रश्न. पुढे 'सोलापूरचा मार्शल लॉ' आणि मागे अख्खा परिच्छेद, हे कार्ड वाया गेलं. अर्धं आठवलं तर बरोबर धरायचं की चूक? त्याचे तुकडे कर. मार्शल लॉ कधी? मे १९३०. चार हुतात्म्यांना फाशी कधी? १२ जानेवारी १९३१. कुठे? येरवडा. ही जानेवारीची तारीख आपल्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर येते, हे एकदा जोडून घेतलंस की महिना हलणार नाही.

चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे कर: रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. शेवटच्या कप्प्यात दोनदा बरोबर आलेलं कार्ड रबर लावून बाजूला ठेव, ते आता जानेवारीत बघ. रोज नवी दहाच. त्यांच्यामागे जुनी ५०-६० येत राहतात, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या उत्साहात एका दिवसात ८० कार्डं करणारी मुलं पंधरवड्यात खोकं पलंगाखाली ढकलतात. अधूनमधून गठ्ठा पिसत जा, नाहीतर उत्तर प्रश्नावरून नाही, आधीच्या कार्डावरून आठवायला लागतं. अंतराचा हिशेब सोपा आहे: आठवड्यावरच्या चाचणीला एक दिवसाचं अंतर पुरतं, बोर्डासाठी ते तीन आठवड्यांपर्यंत ताणावं लागतं.

गणिताला कार्डं नकोत, मिसळ हवी. वर्गसमीकरणांची २० उदाहरणं सलग सोडवताना कुठली रीत वापरायची हे मथळाच सांगतो. पेपरात मथळा नसतो. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता यांची चार-चार उदाहरणं चिठ्ठ्या काढून सोडव. सुरुवातीला जास्त चुकतील, घाबरू नकोस. २००७ सालच्या रोहरर आणि टेलर यांच्या प्रयोगात सरावाच्या वेळी एकेक प्रकार सलग करणाऱ्यांचे ८९ टक्के बरोबर आले, मिसळून करणाऱ्यांचे ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिले २० वर घसरले, दुसरे ६३ वर होते. धडा नवा असेल तेव्हा मात्र पहिली पाच-सहा उदाहरणं सलगच कर, रीत हातात बसू दे.

रात्री बारानंतर जागू नकोस. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. पहाटे चारला उठायचं असेल तर आठलाच आडवी हो, नाहीतर उठूच नकोस.

शनिवारच्या एसटीने काका लातूरला येतायत. त्यांच्याकडे खोकं, कापलेली ३०० कोरी कार्डं, दोन लाल पेनं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी देते. चटणीचा डबा घट्ट लाव, तेल सुटतं आणि कार्डांना लागतं. रविवारी विज्ञानाचा एक उपघटक घे आणि लाल झालेला कागद मला फोटो काढून पाठव. स्वच्छ, नीटनेटका पाठवलास तर पुस्तक उघडं ठेवून लिहिलाय असं समजेन.

तुझी,
आई