व्हिक्टोरिया सरोवरात पोहलेल्या लेकीस

धरमपेठ, नागपूर

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

टांझानियातल्या म्वान्झाला व्हिक्टोरिया सरोवरात मनसोक्त पोहल्याचे, नंतर अंगाला खाज सुटल्याचे आणि खबरदारी म्हणून जंताची गोळी घेतल्याचे तू कळवलेस. त्या गोळीवर विसंबून राहू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

आपल्याकडे सर्रास देतात ती अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते. तुझ्या बाबतीत संशय घ्यायला हवा तो शिस्टोसोमा या चपट्या कृमीचा, आणि त्याचे बिऱ्हाड आतड्यात नसून आतड्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांत असते. त्याच्या सूक्ष्म अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडतात आणि जखम नसलेल्या त्वचेतूनही काही मिनिटांत शरीरात शिरतात. त्यामुळे पाण्याचा घोटही घेतला नाही, हा तुझा युक्तिवाद येथे टिकत नाही. पुढे नर-मादी जोडीने राहून अंडी घालतात आणि जी अंडी बाहेर न पडता यकृतात व आतड्यात अडकतात, तीच खरी इजा करतात.

यावर प्राझिक्वांटेल हे चांगले औषध आहे, परंतु ते वाढ झालेल्या कृमींवर चालते, कोवळ्यांवर फारसे नाही. म्हणून पाण्यात उतरल्यापासून ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करून घे. त्याआधी अहवाल निर्दोष आला तरी त्याला फारसा अर्थ नाही. मध्येच ताप आला तर मात्र एक दिवसही थांबू नकोस आणि आधी मलेरियाची तपासणी कर, कारण फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार काही दिवसांत जिवावर बेतू शकतो. मच्छरदाणी आणि मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या यांविषयी पुन्हा लिहीत नाही.

तपासणी शक्यतो तिथेच व्हावी, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी १९५२ साली या कृमीच्या मूत्रमार्गाच्या प्रकाराची नोंद झाली होती. पण आमच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे शौचाचे नमुने पाहूनही या कृमीच्या आतड्याच्या प्रकाराचे, बाजूला काटा असलेले अंडे मी केवळ शिकवणीच्या स्लाइडवर पाहिले. नागपुरात पोटात मुरडा होऊन रक्त पडू लागले, तर कोणीही प्रथम आव म्हणूनच औषध देईल, आणि त्यात त्या डॉक्टरांना दोष देता येणार नाही. ज्या गावाला हा रोग ठाऊकच नाही, तिथे सरोवराचे नाव रुग्णानेच घ्यावे लागते. तेव्हा दिवाळीला इथे आल्यावर कोणत्याही दुखण्यासाठी दवाखान्यात गेलीस, तर म्वान्झा आणि सरोवर यांचा उल्लेख आधी कर, लक्षणे नंतर सांग.

आता पुन्हा त्या पाण्यात उतरू नकोस. आंघोळीचे पाणी थेट सरोवरातून येत असेल, तर ते उकळून किंवा निदान दोन दिवस टाकीत साठवून वापर.

पोहायला गेलेल्या सर्वांनाच तपासणीला सोबत ने. अहवाल आला की त्याचा फोटो पाठव. रक्ततपासणीत इओसिनोफिल (कृमींच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले, तर तो आकडा मला फोनवरच सांग.

तुझी,
आई