मिस्त्रीमामा, तुमच्या पाणसळीला नमस्कार

मिस्त्रीमामा,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात लिफ्ट किटचं खोकं घेऊन मी कराडला तुमच्या गॅरेजात उतरलो, तेव्हा जिप्सी दोन इंच उंच करूनच संध्याकाळी पाटणला परतायचं या तोऱ्यात होतो. किटमध्ये नेहमीपेक्षा दोन इंच जास्त लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी लोखंडी कडी) आणि पाट्यांच्या, म्हणजे गाडी पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, जुडीत घालायला एकेक जादा पाटा. विकणाऱ्यानं गाडी न बघताच "बसेल की" म्हटलं होतं. तुम्ही खोक्याकडं बघितलंही नाही. "आत्ता उंची किती हाय?" एवढंच विचारलंत. मी ऐटीत सांगितलं, २१० मिलिमीटर.

"ते पोटाखालचं झालं, जमिनीपासून डिफरन्शियलच्या गोळ्यापर्यंतचं. मी उंची विचारली."

पंधरा वर्षं ही गाडी चालवतोय मामा, आणि हा फरक मला त्या दिवशी कळला. जिप्सीला पुढंमागं दोन्हीकडं सरळ ॲक्सल. पाटे कितीही उंच घातले तरी ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा जागचा हलत नाही. तो वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत. लिफ्टनं वर जाते ती चासी आणि बॉडी. म्हणून माप चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून टेप लावली तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तुम्ही दीड तास लावलात! फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो म्हणून गवंड्याची पाणसळ, म्हणजे पातळी बघायची पाण्याची नळी, आणलीत आणि चारही चाकं एका पातळीत येतील अशी जागा शोधलीत. चाकांत हवा भरली. मागची खताची दोन पोती माझ्याकडूनच उतरवून घेतलीत (पाठ दोन दिवस दुखत होती, ते असो). मग गाडी मागंपुढं ढकलून, बंपर दाबून पाटे हलते केलेत आणि नंतर कुठं खिशातून टेप काढलीत. चारही मडगार्डांवर खडूनं आकडे. मागची डावी बाजू उजवीपेक्षा २६ मिलिमीटर खाली, पुढची डावी ९.

मी लगेच म्हणालो, पुढचे पाटेही दबलेत वाटतं. तुम्ही काही न बोलता मागच्या चासीच्या बरोबर मधोमध ट्रॉली जॅक लावून गाडी थोडी उचललीत, आणि पुढचा कल गेला! पुढच्या पाट्यांचा दोषच नव्हता, मागची डावी बाजू सगळी गाडी ओढत होती. पाट्यांची जुडी ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट खोलल्यावर तिसरा पाटा तुटलेला निघाला, बरोबर क्लँपखाली, बाहेरून दिसणार नाही असा. नखानं गंज खरवडून तुम्ही दाखवलंत की तो कालपरवाचा नव्हता. त्या तुटक्या जुडीत मी जादा पाटा घालायला निघालो होतो, आणि वरून त्या कललेल्याच गाडीला म्हणणार होतो, बघा कशी उंच झाली.

शॅकलचं गणितही तेव्हाच समजलं. शॅकल पाट्याचं एकच टोक खाली ढकलतं, दुसरं चासीला बांधलेलं. म्हणजे दोन इंच जास्त लांब शॅकलनं गाडी साधारण एकच इंच उठते. खोक्यावर हे कुठंच छापलेलं नाही.

पाटा बदलला. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळलेत, लोंबकळत्या पाट्यावर नाही. पुन्हा मापं घेतली, फरक ५ मिलिमीटर. बिलात पाटा, यू-बोल्ट आणि मजुरी. मोजण्याचे पैसे लावलेच नाहीत. विचारलं तर म्हणालात, "टेपला काय पेट्रोल लागतंय व्हय?"

पावसाळाभर कुंभार्ली घाटात जाऊन येऊन आहे. मागून येणारा तो ठण्ण आवाज गेला. मापांचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, खोकं अजून माळ्यावर. दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो, आधी टेप लावू. खोकं तुम्ही सांगाल तेव्हाच खाली काढेन.

तुमचा,
पांढऱ्या जिप्सीवाला