मंत्रिमहोदय, फुग्याला हसून झाले असेल तर यंत्र पाठवा

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. चवथीआधीच्या ग्रामसभेत आपल्या खात्याचे साहेब सगळ्यांसमक्ष बोलले होते, "पथक येईल, घरोघरी रेडॉन मोजेल." (रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू; बंद खोलीत साचला की फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.) पथक कुठे अडकले देव जाणे. परवा मीच कचेरीत गेलो, तर तेच साहेब म्हणाले, "मास्तर, फुग्याने कॅन्सर मोजता होय?" शिपायालाही हसवले.

फुग्याचे सांगतोच. लोकरीवर घासलेला फुगा बंद खोलीत अर्धा तास टांगायचा. रेडॉनपासून झालेले कण त्याला चिकटतात. मी सुटे भाग आणून जोडलेला गायगर काउंटर (किरणोत्सार टिपणारे यंत्र) एरवी मिनिटाला वीसेक वेळा टिकटिकतो. फुगा जवळ नेला की शंभरावर. पाऊण तासाने जवळपास निम्मा. साधी धूळ अशी ओसरत नाही साहेब, रेडॉनपासून होणारे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ओसरतात. (पावसात हे जमत नाही, दमट हवेत फुगा भार धरत नाही.)

यातून बेकरेल (सेकंदाला किती अणू फुटतात, ते माप) निघत नाहीत, मलाही कळते. म्हणून तर मोजा म्हणतो! कपात फिल्म लावून तीन महिने ठेवायची, मग कॉस्टिक सोड्यात धुऊन तिच्यावर उमटलेल्या रेडॉनच्या अल्फा कणांच्या खुणा मोजायच्या. त्याला काय रॉकेट लागते? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच घरातल्या रेडॉनसाठी घनमीटरला १०० बेकरेलची संदर्भ पातळी सांगितली. दहा बाय दहाच्या खोलीत ३०० धरले तर सेकंदाला आठ हजारांवर अणू फुटतात. हिशेब घाईतला आहे, पथकाने येऊन तपासावा.

माझी बायको त्याच मागच्या खोलीत झोपायची. चिऱ्याच्या भिंती, एसीसाठी खिडक्या बंद. फुफ्फुसाचा कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी पहिले विचारले, विडी-सिगारेट? तिने आयुष्यात ओढली नव्हती. रेडॉननेच गेली, असे मी म्हणत नाही. मोजलेच नाही तर म्हणणार कसे?

पण मोजायचे नाही, हेच आपल्या गोवा राज्याचे धोरण. लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या दिचोलीची धूळ कोणी मोजली? २०१२ साली बंद पडल्या, तेव्हा घराघरांतली उपासमार कोणी मोजली? मांडवीतल्या कॅसिनोंचे शुल्क मात्र बिनचूक मोजून घेता. मते तर त्याहून बिनचूक.

कप पाठवणार नसाल तर "विषय आमच्या कक्षेत येत नाही" एवढे सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. पुढच्या ग्रामसभेत मी ते मोठ्याने वाचणार आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, दिचोली